पॅनेललाही ऊन लागतं!

मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या गच्चीवर पहाटे साडेपाचलाच धांदल उडते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक आईनं शिजवून वर आणलेला असतो, प्लास्टिकचा कागद चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून ताणलेला असतो आणि सोऱ्या माझ्या हातात असतो. सात वाजायच्या आत कुरडया घालून व्हायलाच हव्यात, कारण नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. यंदा मदतीला भाची होती. पाचवीतून सहावीत गेलेली, पुण्याहून आजोळी आलेली. तिच्याकडे दोन कामं होती: वाटीभर गरम चीक संपवणं आणि कावळे हाकलणं.

दुपारी साडेबाराला आम्ही दोघी पुन्हा वर गेलो. पारा ४२ वर होता. सकाळच्या मऊ कुरडया आता बोटानं टकटक केलं की वाजत होत्या. त्यांच्या पलीकडे लोखंडी स्टँडवर आमची सहा सोलर पॅनेलं नुसती चकाकत होती.

"मावशी, आज पॅनेलांची मज्जा आहे!" भाची म्हणाली. "एवढं ऊन! आज सगळ्यात जास्त वीज होणार."

आणि ती धावतच जिना उतरली. आमचा इन्व्हर्टर जिन्यातल्या भिंतीवर आहे. त्याच्या छोट्याशा पडद्यावर त्या क्षणी किती किलोवॅट वीज तयार होतेय तो आकडा दिसतो. फेब्रुवारीत महाशिवरात्रीला ती आली होती, तेव्हाही तिनं असाच भर दुपारी आकडा बघितला होता आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता: २.७. भिंतीवर लिहिल्याबद्दल आजीची बोलणीही खाल्ली होती.

आता पडद्यावर आकडा होता २.४.

"मावशी, पॅनेल बिघडलं!" खालून आवाज आला.

पॅनेल बिघडलं नव्हतं. त्याला ऊन लागलं होतं.

आपल्या भाषेतला हा शब्द फार गमतीचा आहे. तुळशीला ऊन लागतं, म्हणजे तिला ऊन हवं असतं. आणि भर दुपारी टोपी न घालता क्रिकेट खेळणाऱ्या मुलालाही ऊन लागतं, म्हणजे तो घरी येऊन आडवा होतो. पॅनेलच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. ऊन नसेल तर त्याची उपासमार, आणि ऊन फार तापलं तर त्याला ग्लानी. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस तोच विचार करत होते. जो सूर्य त्याला जेवायला घालतो, त्याचाच त्याला त्रास कसा होतो?

भाचीला घेऊन मी पुन्हा वर गेले. "खाली वाक आणि पॅनेलच्या पाठीवरचं लेबल वाच," मी म्हटलं. प्रत्येक पॅनेलच्या पाठीला एक लेबल असतं. तिनं मान वाकडी करून वाचलं: ५५० वॅट. त्याच्याखाली बारीक अक्षरात, हे ५५० वॅट कधी मिळतील त्याच्या अटी. एक चौरस मीटर जागेवर १००० वॅटचा प्रकाश पडला पाहिजे. आणि सेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस पाहिजे.

"पंचवीस?" तिनं वर बघितलं. "सोलापुरात? मे महिन्यात?"

तेच तर! २५ अंश ही कारखान्यातल्या परीक्षेची अट आहे. तिथं अंधाऱ्या कपाटासारख्या खोलीत पॅनेल ठेवतात आणि त्याच्यावर दिव्याचा एकच लखलखाट करतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. तेवढ्यात पॅनेलनं किती वीज दिली ते मोजतात. प्रकाश भरपूर, पण पॅनेलला तापायला वेळच मिळत नाही. आपल्या गच्चीवर मात्र ते सकाळपासून उन्हात असतं. हवा ४२ अंश असली तर काचेखालचं सिलिकॉन ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. कुठलंही गडद रंगाचं पातेलं त्या उन्हात ठेवून बघा, हात लावता येणार नाही.

आता हिशेब करू. आजच्या बहुतेक सिलिकॉन पॅनेलांची ताकद २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यानं उतरते. ६५ वजा २५ म्हणजे ४० अंश. ४० गुणिले ०.३५ म्हणजे १४ टक्के. ५५० वॅटचं पॅनेल ४७३ वॅटवर आलं! भाचीनं हा गुणाकार कुरडयांच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोटानं केला आणि गप्पच झाली.

पण असं का होतं? त्यासाठी पॅनेलच्या आत शिरायला हवं.

पॅनेलवर जे चौकोन दिसतात ते एकेक सेल. सेल सिलिकॉनचा असतो, आणि सिलिकॉन मिळतं गारगोटीपासून, वाळूत चमचम करणारी तीच. सेलची जाडी वहीच्या दीड-दोन पानांएवढी. एवढ्या पातळ पापुद्र्यात दोन थर असतात. एकात बोरॉनचा किंचित अंश मिसळलेला, दुसऱ्यात फॉस्फरसचा. हे थर जिथं भेटतात तिथं विजेचा एक उतार तयार होतो. प्रकाश हा कणाकणानं येतो. प्रकाशाचा कण सिलिकॉनमधल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकला की तो जागचा सुटतो आणि त्या उतारावरून एका बाजूला घरंगळतो. असे कोट्यवधी इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं निघाले की झाली वीज. ना चाक फिरतं, ना धूर निघतो, ना आवाज होतो. मला तर अजूनही त्या शांततेचंच नवल वाटतं.

उष्णतेनं काय होतं? तापलेल्या सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेच्या धक्क्यानंही सुटायला लागतात आणि सैरावैरा पळतात. काही उलट्या दिशेनं गळून जातात. उतार जणू चपटा होतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितकं नळाला पाणी जोरात येतं. विजेतला हा जोर म्हणजे व्होल्टेज. पॅनेल तापलं की टाकी कुणीतरी खाली उतरवल्यासारखं होतं. पाणी तेवढंच, किंबहुना कणभर जास्त, पण जोर कमी. आणि वीज किती मिळणार हे पाणी आणि जोर यांच्या गुणाकारावर ठरतं.

शेजारच्या गच्चीवर पाण्याचं सोलर आहे, अंघोळीचं पाणी तापवणारं. त्याच्या काचेच्या काळ्या नळ्यांना उष्णताच हवी असते. कुरडयांनाही तीच हवी असते. सोलर पॅनेलला मात्र उजेड हवा असतो, उष्णता नको असते. एकाच सूर्याकडे शेजारशेजारून तीन जण दोन वेगळ्या मागण्या करतात म्हणा ना! म्हणूनच थंडीतल्या स्वच्छ, लख्ख दुपारी पॅनेल जोमात असतं. लडाखमध्ये ऊन कडक आणि हवा गार, म्हणजे पॅनेलला हवं तसं राज्यच. मे महिन्याच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी: त्या वेळी दिवस मोठा असतो, त्यामुळे दुपारचा आकडा उतरला तरी दिवसभराची युनिटं फार खाली जात नाहीत.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तळहाताएवढं ६ व्होल्टचं छोटं पॅनेल मिळतं. त्याला मल्टिमीटर जोडा. पॅनेल आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये गार करा, मग उन्हात आणून लगेच व्होल्टेज बघा. तसंच अर्धा तास उन्हात राहू द्या आणि पुन्हा बघा. आकडा अर्ध्या व्होल्टहून जास्त उतरलेला दिसेल. आमच्याकडे हा प्रयोग करताना फ्रिजमधलं कैरीचं पन्हं आणि पॅनेल शेजारी शेजारी बसले होते.

"मग आपण पॅनेलवर पाणी ओतू या?" भाचीनं बादली उचललीच. तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज आला, "तापल्या तव्यावर गार पाणी ओततात का गं?" आईनं इन्व्हर्टरकडे कधी ढुंकूनही बघितलेलं नाही, पण तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ६५ अंशांच्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. पॅनेल गार ठेवायचा खरा उपाय त्याच्या पोटाखाली असतो. वायरमन आला होता तेव्हा त्यानं स्टँड हातभर उंच केला. वारा खालून खेळता राहिला पाहिजे, म्हणाला. तेच पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवलं असतं तर आणखी तापलं असतं. मध्य प्रदेशात नर्मदेवर, ओंकारेश्वरच्या जलाशयात, तरंगती पॅनेलं आहेत. पाण्याजवळची हवा गार, त्यामुळे पॅनेलही जरा गार.

दुसऱ्या दिवशी आणखी एक भानगड झाली. अकराच्या सुमाराला भाची खालून ओरडली, "२.१ होतं, आता १.८!" आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. वर जाऊन बघितलं, तर आईनं कावळ्यांपासून कुरडया वाचवायला दोरीवर जुनी साडी आडवी टाकली होती आणि तिची सावली एका पॅनेलच्या कडेवर पडली होती. सावली केवढी? जेमतेम वीतभर. आणि नुकसान?

पॅनेलमधले सेल एका ओळीत एकमेकांना जोडलेले असतात. एका सेलचा जोर अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणून ७२ सेल जोडले की पस्तीस-चाळीस व्होल्ट होतात. (नव्या पॅनेलात सेलचे दोन-दोन तुकडे करतात, म्हणून मोजाल तर १४४ भरतील.) ओळीत जोडलेले असणं म्हणजे काय, ते तुम्ही बांधकामावर बघितलं असेल. स्लॅब टाकताना माणसं ओळीनं उभी राहून सिमेंटची घमेली एकाकडून दुसऱ्याकडे देतात. सगळे भराभर देताहेत आणि मधल्या एकानं हात आखडता घेतला, तर? सगळी ओळ त्याच्याच गतीनं चालते. सावलीतला सेल म्हणजे तो मधला माणूस. त्याच्याहून वाईट म्हणजे मागचे सेल त्याच्यातून वीज ढकलत राहतात, त्या रेट्यानं तो बिचारा तापतो आणि तापत राहिला तर करपूही शकतो.

यावर एक छान युक्ती आहे. पॅनेलच्या पाठीला काळ्या प्लास्टिकच्या डब्या असतात. त्यांच्यात बहुतेक वेळा तीन डायोड असतात. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. पॅनेलच्या एका भागावर सावली आली की वीज त्या भागाला वळसा घालून डायोडमधून पुढे जाते. तेवढा भाग सुट्टीवर, बाकीचं काम चालू. म्हणून साडीच्या सावलीनं सगळी पॅनेलं आडवी झाली नाहीत, फक्त आकडा घसरला. साडी हातभर सरकवली. भाची खाली, मी वर. "आला! २.१!" ती ओरडली, आणि मग तिनं मला ती साडी दहा वेळा पुढे-मागे करायला लावली.

तुमच्या घरावर पॅनेल असेल तर आजूबाजूच्या सावल्यांवर नजर ठेवा. पाण्याची टाकी, डिश अँटेना, शेजारचं वाढत चाललेलं नारळाचं झाड. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो, सावल्या लांबतात, आणि मे महिन्यात जिथं सावली नव्हती तिथं ती येऊन बसते. पिंपळाचं एक पान काचेला चिकटलं तरी ते आपलं काम करतंच. आणि कावळे! कुरडया वाचल्या, पण पॅनेलवर त्यांनी जी पांढरी नक्षी काढली ती वाळून घट्ट बसली होती.

त्यावरून धुळीची गोष्ट. सोलापुरात मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठते आणि सगळं घर धुळीनं माखतं. पॅनेलवरही पिवळट थर बसतो. पण पॅनेलवरच्या धुळीची सगळ्यात मोठी गोष्ट मंगळावर घडली आहे. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नासा संस्थेच्या दोन गाड्या तिथं उतरल्या, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. दोघी सौर ऊर्जेवर चालणाऱ्या. मंगळावर लालसर धूळ सतत खाली बसत असते, म्हणून त्यांच्याकडून मंगळावरच्या ९० दिवसांचंच काम मागितलं होतं. पण तिथल्या वावटळींनी आणि वाऱ्यानं येऊन त्यांची पॅनेलं झाडून दिली! अचानक वीज वाढलेली बघून पृथ्वीवरच्या माणसांना कोण आनंद झाला. ऑपॉर्च्युनिटी २०१८ च्या जूनपर्यंत बोलत राहिली. मग सगळा मंगळ झाकून टाकणारं धुळीचं वादळ आलं, दिवसा अंधार झाला आणि ती गप्प झाली. मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इनसाइट नावाचं यान मंगळावर उतरलं. त्याच्याही पॅनेलवर धूळ साचत गेली. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी काय करावं? यानाच्या यांत्रिक हातानं वाळू उचलून पॅनेलजवळ हळूहळू ओतली. वाऱ्यानं वाळूचे मोठे कण पॅनेलवरून उड्या मारत गेले आणि जाताना बारीक धूळ उडवून घेऊन गेले. वाळूनं धूळ झाडली! वीज थोडी वाढली, यानाला आणखी काही महिने मिळाले. २०२२ च्या डिसेंबरात तेही शांत झालं.

पृथ्वीवर आपण नशीबवान आहोत, आपल्याकडे पाऊस आहे. पण राजस्थानात भडला इथं, वाळवंटात, देशातल्या सगळ्यात मोठ्या सौर प्रकल्पांपैकी एक उभा आहे. क्षमता २२४५ मेगावॅट. धूळ अमाप आणि पाणी दुर्मिळ. तिथं पॅनेलांच्या रांगांवरून यांत्रिक ब्रश सरकत जातात आणि पाण्याचा थेंबही न वापरता धूळ झाडतात. कोचीच्या विमानतळानं वेगळीच गंमत केली. २०१५ मध्ये तो संपूर्ण सौर ऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ झाला. तिथं पॅनेलं धुतलेल्या पाण्यावर पॅनेलांच्या मधल्या जागेत भाजी पिकवतात.

आमच्याकडे पॅनेल पुसायचं काम भाचीनं मागून घेतलं. सकाळी सहाला, काच गार असताना. मऊ फडकं, साबण नाही, घासणी तर मुळीच नाही, चरे पडतात. पहिल्या दिवशी आम्ही बोअरचं पाणी वापरलं आणि फसलो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. ते वाळल्यावर काचेवर क्षाराचे पांढरे डाग उठले, तव्यावर दुधाचे उठतात तसे. मग नळाचं पाणी घेतलं आणि शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून घेतलं. त्या दिवशी दुपारी आकडा २.५ झाला. तिनं भिंतीवर २.५ लिहिलं.

"पण २.७ कधी?" तिचं समाधान होईना. "आणि सहा पॅनेलं गुणिले ५५०, म्हणजे ३३०० वॅट. ३.३ कधी?"

त्याचं उत्तर थोडं कोनातही आहे. तिला मी विचारलं, पॅनेल उत्तरेकडे का नाही, दक्षिणेकडेच का कललेलं आहे? आपण भारतात राहतो, वर्षातला बराच काळ सूर्य दुपारी आपल्या दक्षिणेला असतो, म्हणून. आणि किती कललेलं? सोलापूरचे अक्षांश साधारण १७.७, आणि पॅनेलचा कल आहे १८ अंशांच्या आसपास. किरण जितके सरळ पडतील तितकं चांगलं. एक चमचा तूप पुरीवर घातलं तर पुरी न्हाऊन निघते; तेच तूप मोठ्या भाकरीवर पसरलं तर नुसती चकाकी येते. तिरप्या उन्हाचं तसंच होतं, तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि विरळ होतो.

आता एक खास गोष्ट. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस! त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे त्या दिवसांत आमची पॅनेलं सूर्याकडे किंचित पाठ करून बसलेली असतात. ही सुद्धा मे महिन्यातल्या कमी आकड्यात भर. तरी पॅनेलं फिरवत नाहीत, कारण जून-जुलैत आकाश ढगाळच असतं आणि बाकीचे महिने सूर्य दक्षिणेलाच. शिवाय कल असला की पावसाचं पाणी धूळ घेऊन ओघळून जातं.

कोनाचं महत्त्व चांद्रयान-३ नं फार सुंदर दाखवलं. २३ ऑगस्ट २०२३ ला त्याचं विक्रम हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, जवळपास ६९ अंश दक्षिणेला उतरलं. तिथं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, क्षितिजाच्या जवळून फिरतो. म्हणून विक्रमची पॅनेलं त्याच्या उभ्या बाजूंवर होती, आणि प्रज्ञान नावाच्या छोट्या गाडीनं आपलं पॅनेल शिडासारखं उभं केलं होतं. फोटो मिळाला तर पुन्हा नीट बघा. ते पॅनेल आडवं असतं तर प्रज्ञान अर्धपोटीच राहिला असता.

आणि समजा, पॅनेल गार आहे, स्वच्छ आहे, सावली नाही, कोन बरोबर आहे. मग पडलेल्या सगळ्या उजेडाची वीज होते का? नाही. आमच्या पॅनेलवर १०० भाग उजेड पडला तर साधारण २१ भाग वीज मिळते. भाचीला हे फारच कमी वाटलं. मी तिला चिंचेच्या झाडाची गोष्ट सांगितली. एका फांदीला चिंचा लटकल्या आहेत आणि नियम असा, की एका उडीला एकच चिंच. लहान पोरांचा हात पोचतच नाही, त्यांच्या उड्या वाया. उंच पोरगा फांदीच्या कितीतरी वर उडतो, पण त्यालाही एकच चिंच, वरची उडी वायाच. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात, त्यांतले बरेच कण त्या लहान पोरांसारखे, इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकं बळ नसलेले. निळ्या-जांभळ्या प्रकाशाचे कण उंच पोरांसारखे. एक इलेक्ट्रॉन सोडवतात आणि उरलेल्या बळाची उष्णता होते. तीच उष्णता पुन्हा पॅनेल तापवते! १९६१ मध्ये विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी हिशेब करून दाखवलं, की एकाच जातीच्या थराचा साधा सेल उन्हातला फार तर एक तृतीयांश भाग वीज करू शकेल. ही निसर्गानं घातलेली मर्यादा आहे. म्हणून आता शास्त्रज्ञ दोन वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक ठेवून बघताहेत. दोन उंचींवर दोन फांद्या, म्हणजे उंच पोरांना उंच चिंच.

अजून एक चोरी काचेखाली होते. उघडं सिलिकॉन आरशासारखं चकचकीत असतं, पडलेल्या उजेडातला तिसरा हिस्सा ते परतवूनच लावतं. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक पिरॅमिड कोरतात. एकावरून उसळलेला किरण शेजारच्यावर जाऊन आपटतो आणि आत शिरतो. वर आणखी एक लेप देतात, केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाएवढा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तसाच रंग या लेपामुळे सेलला येतो. पॅनेल निळं का, याचं उत्तर हे. कुणी रंग दिलेला नसतो.

या सगळ्याची सुरुवात एका मुलानं केली म्हटलं तरी चालेल. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल नावाच्या १९ वर्षांच्या मुलानं वडिलांच्या प्रयोगशाळेत बघितलं, की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला की वीज वाहते. मग ११५ वर्षं गेली. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सेल जगाला दाखवला. १०० भाग उजेडातून जेमतेम ६ भाग वीज. त्यावर त्यांनी काय चालवून दाखवलं? एक खेळण्यातला आकाशपाळणा!

सुट्टी संपायच्या आधी आम्ही मामाच्या शेतावर गेलो. तिथं आता सौर पंप आहे. पूर्वी मामा रात्रीच्या विजेच्या पाळीला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत उसाला पाणी द्यायला जायचा. आता तो दिवसा देतो. तिथं आकडा बघायला पडदा लागतच नाही, पाण्याची धारच बोलते. एक वळवाचा ढग सूर्यावरून गेला आणि मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली. ढग सरकला, धार पुन्हा फुगली. भाची कालव्याच्या कडेला बसून आकाश आणि धार, आकाश आणि धार, असं बघत राहिली. "मामा, तुझी पॅनेलं पुसतोस का रे?" तिनं विचारलं. मामानं डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मामा फडकं घेऊन बांधावर होते.

मग ती पुण्याला गेली. जून ढगांत गेला, पडद्यावर कधी ०.६, कधी ०.९. ढगातून गाळून येणाऱ्या उजेडावरही पॅनेल काम करतं, पण पोटाला चिमटा घेऊन.

श्रावणात एका दुपारी सडकून सर येऊन गेली. गच्चीवरून अजून पाणी ठिबकत होतं आणि एकदम ऊन पडलं. पॅनेलं पावसानं स्वच्छ धुऊन निघालेली, गार पडलेली. सूर्य जवळजवळ डोक्यावर. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापसासारखे पांढरेशुभ्र ढग, सूर्याला न झाकता अगदी कडेला उभे. अशा वेळी सरळ ऊन तर मिळतंच, शिवाय ढगांच्या कडांवरून उसळलेला उजेडही खाली येतो. काही क्षण जमिनीवर निरभ्र दिवसापेक्षाही जास्त प्रकाश पडतो. मी जिन्यात धावले आणि भाचीला व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला.

३.०.

"मावशी, लिही! लिही लवकर!" ती पुण्यातून ओरडत होती. मी पेन्सिल शोधेपर्यंत ढग सूर्यावर सरकला आणि आकडा १.१ वर आला. पण आम्ही दोघींनी तो बघितला होता. मी २.५ च्या वर, जरा मोठ्या अक्षरात, ३.० लिहिलं. आई मागं येऊन उभी होती. भिंतीकडे बघितलं, फोनमधल्या नातीकडे बघितलं आणि म्हणाली, "तारीखही घाल गं पुढे."